हरड मास्तरांनी भरलेले फॉर्म

हरड मास्तर बिल मोठ्याने वाचायचे. शहापूरच्या ज्या खासगी हॉस्पिटलात मी मेडिक्लेमच्या टेबलावर बसते, तिथे बहुतेक लोक बिल हातात आलं की शेवटचा आकडा बघतात आणि कागदाची घडी घालून खिशात टाकतात. मास्तर पहिल्या ओळीपासून सुरुवात करत. चष्मा खिशातच असे. कागद हातभर लांब धरून, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचत. त्याच आवाजात त्यांनी तीस वर्षं एसटीत "पुढे सरका" म्हटलं होतं.

"हातमोजे, चाळीस जोड," पहिल्या भेटीत त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाय, पेशंट किती दिस होता?"

"तीन दिवस."

"नि डॉक्टरांना हात किती?"

रांग हसली. मी हसले नाही, कारण मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता आणि मागेच अकाउंटंट बसले होते. हातमोज्यांचे पैसे विमा कंपनी देत नाही, ते पेशंटने भरायचे असतात, एवढंच मी सांगितलं. हे वाक्य मला इंग्रजीत नीट येत होतं. मराठीत बोलल्यावर ते उगाच कडक झालं.

"कंपनी देत नाय म्हणून तर मोजतोय," मास्तर म्हणाले. "ती देत असती तर तिनंच मोजले असते."

मला ही नोकरी इंग्रजीमुळे मिळाली होती. मी मुरबाडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. विमा कंपनीचे प्रश्न इंग्रजीत येतात आणि उत्तरं इंग्रजीत द्यावी लागतात. बोलायचं कमी, टाइप करायचं जास्त, म्हणून मला हे काम बरं वाटलं होतं. मास्तरांना काय हाक मारायची हे मात्र मला कधीच ठरवता आलं नाही. काका म्हणण्याइतकी ओळख नव्हती, आणि सर म्हटलं असतं तर त्यांनी मागे कोण उभं आहे ते वळून पाहिलं असतं. कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, त्यामुळे बाकी सगळे मास्तर म्हणत. मी "अहो" वर काम भागवलं.

ते किन्हवलीच्या बाजूच्या एका गावचे. मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर हा त्यांचा रस्ता, आणि आठवड्यातून काही दिवस डोळखांबकडची मुक्कामाची गाडी. त्या सगळ्या थांब्यांवर कोणाच्या घरात कोण आहे, कोणाची मुलगी कुठे दिली, हे त्यांना ठाऊक होतं. नोकरीतून सुटल्यावर त्यांनी आरोग्यविम्याची एजन्सी घेतली. महामंडळाची चामड्याची बॅग परत द्यावी लागली, म्हणून त्यांनी बाजारातून जवळजवळ तशीच विकत आणली होती. तीत आता पॉलिसीच्या झेरॉक्स असत. कागद ते लांबट घडी करून डाव्या हाताच्या बोटांच्या फटीत अडकवत, पूर्वी नोटा अडकवत तसे. चार घरांचे चार कागद चार फटींत, आणि उजव्या हातात पेन.

विमा म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळे कळलं, हे मी हॉस्पिटलात कोणाला सांगितलेलं नाही. मला तीन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं होतं. त्यातले शब्द मला पाठ होते, पण किसन नावाच्या एका माणसाने टेबलासमोर मास्तरांना विचारलेला प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी गप्प बसले असते.

"चार वरसं हप्ते भरले, मास्तर. कोणी आजारी नाय पडला. पैसे परत कधी भेटतील?"

"किसन, तू रोज शहापूरचं तिकीट काढायचास. कधी किन्हवलीलाच उतरलास तर मी पैसे परत दिलेले काय?"

"नाय."

"गाडी तुझ्या एकट्याच्या तिकिटावर नाय चालत. पन्नास लोकांच्या तिकिटावर चालते. तुला जायचं नव्हतं, दुसरा गेला. उद्या तुला जायचं असंल तर त्याच्या पैशात तू जाशील. एवढाच विमा."

"आणि मला कधी जायलाच नाय लागलं तर?"

"मंग देवाला नारळ फोड. माझ्याकडे काय मागतोस?"

पण लगेच ते पुढचंही सांगत, आणि हे कुठला एजंट सांगत नाही. तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नसतं. प्रत्येक तिकिटाला टप्पा असतो. खोलीचा टप्पा, आजाराचा टप्पा, वर्षाचा टप्पा. टप्पा संपला की उतरायचं, नाहीतर पुढचं भाडं खिशातून.

डोळखांबकडच्या एका पाड्यातल्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा त्याच्या मामांनी त्याला वरच्या मजल्यावर एसी खोलीत ठेवलं. पॉलिसी आहे, मग कशाला कोंदट वॉर्डात झोपवायचं, असा त्यांचा हिशेब. मास्तर दुपारच्या गाडीने आले, थेट वर गेले आणि पेशंटला सलाइनच्या स्टँडसकट खाली जनरल वॉर्डात घेऊन आले. मामा जिन्यावर त्यांच्याशी भांडत होते.

"तुमी आमाला गरीब समजता काय, मास्तर?"

"गरीब नाय, अडाणी समजतो. पॉलिसीत खोलीचं भाडं ठरलेलं हाय. त्याच्या वरच्या खोलीत गेलाव तर कंपनी नुसतं भाडं नाय कापत. डॉक्टरची फी, तपासणी, सगळंच त्या मापानं कापते. पोरगा एसीत झोपला की अख्ख्या बिलाला थंडी वाजते."

मामा खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनीच मास्तरांना चहा आणून दिला. हा नियम मला माहीत होता. मुलाला दाखल करताना मीच फॉर्म भरला होता, आणि तेव्हा मी काही बोलले नव्हते. महागडी खोली रिकामी राहिली तर सकाळच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल विचारतात.

एकदा मास्तर दोन बिलं घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. दोन्ही बिलं हर्नियाच्या ऑपरेशनची, एकाच महिन्यातली. एक पेशंट रोख पैसे भरून गेलेला, दुसरा कॅशलेसवाला, आणि दुसऱ्याचं बिल पहिल्यापेक्षा बरंच मोठं. मला फाइल घेऊन आत बोलावलं होतं, म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते.

"एकच आतडं, एकच डॉक्टर," मास्तर म्हणाले. "मंग ह्याला एवढं का?"

मला वाटलं डॉक्टर चिडतील. त्यांनी चहा सांगितला.

"मास्तर, रोखवाला जाताना पैसे देऊन जातो. कंपनीचे तीन-तीन महिन्यांनी येतात आणि तेही कापून. हृदयाच्या नळ्या बघायचं मशिन मी मागच्या वर्षी घेतलं. त्याचा बँकेचा हप्ता दर महिन्याला जातो, पेशंट येवो न येवो. शिकलेली नर्स शहापुरात राहत नाही, तिला ठाण्याइतका पगार द्यावा लागतो. लाइट गेली की जनरेटर. हे सगळं मी कोणाच्या बिलात घालू?"

"म्हंजे कंपनी कापणार म्हणून तुमी वाढवता."

"हो."

"नि तुमी वाढवता म्हणून कंपनी कापते."

"हो."

"नि ह्या दोघांचं चाललेलं असताना हप्ता वाढतो तो आमच्या किसनचा."

डॉक्टर म्हणाले, "हो. चहा घ्या."

मास्तरांनी चहा घेतला. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी म्हणाले, "माणूस खोटं नाय बोलला. म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना."

आता फॉर्मबद्दल सांगायला हवं.

मास्तर नवीन पॉलिसी फक्त दसऱ्याला काढत. चांगल्या कामाला चांगला दिवस, हे एक कारण. दुसरं कारण असं की पाड्यांवरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर निघून जातात, मग घरं पावसाळ्यापर्यंत बंद. दसऱ्याला सगळे सापडत. मास्तर सकाळपासून घरोघर फिरत, आपट्याचं पान देत, पाया पडून घेत, आणि ओटीवर बसून फॉर्म भरत. सही किंवा अंगठा घेऊन पुढच्या घरी. त्या योजनेत डॉक्टरी तपासणी लागत नसे, फॉर्मवरच्या उत्तरांवर काम होई.

प्रत्येक फॉर्मची झेरॉक्स त्यांच्या बॅगेत असे, आणि क्लेमच्या वेळी ती ते माझ्यासमोर ठेवत. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर आजारांची यादी असते. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार अशी बारा-तेरा नावं, आणि प्रत्येकासमोर हो आणि नाही असे दोन चौकोन. मास्तरांच्या फॉर्मवर बारा खुणा नसत. नाहीच्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच सरळ उभी रेघ असे. चार-पाच फॉर्म पाहिल्यावर माझ्या ते लक्षात आलं. बरेच दिवस थांबून मी विचारलं, तुम्ही हे एकेक विचारत नाही का.

"सणाच्या दिवशी?" ते म्हणाले. "दाराला तोरण लावलेलं, आत पुरणाचा वास, नि मी ओटीवर बसून विचारू, तुमाला कॅन्सर हाय काय, लकवा हाय काय? घरातली बाय झाडू घेऊन येईल. बोलेल, मास्तर काय अवलक्षण घेऊन आलाव."

"दुसऱ्या दिवशी विचारता येईल."

"दुसऱ्या दिवशी माणूस भात कापायला गेलेला असतो, बाय."

मला पुढे बोलायची सवय नाही. आणि तोवर त्यांचा एकही क्लेम नामंजूर झाला नव्हता. डेंग्यू, हाड मोडणं, अपेंडिक्स, साप चावणं, यांत जुन्या आजाराचा प्रश्न येत नाही.

मग धाऊ भोईर आले. धाऊ हे मास्तरांच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघांनी एकाच गाडीवर इतकी वर्षं काढली होती की लोक दोघांची नावं एकत्रच घेत. दुपारी बाराच्या सुमारास त्यांचा मुलगा रुपेश त्यांना आपल्या टेम्पोत, भाजीच्या क्रेटवर गोधडी टाकून घेऊन आला. छातीत दुखत होतं. सरकारी योजनेत मोफत होईल असं हॉस्पिटल होतं, पण ते कल्याणच्या पुढे, आणि डॉक्टर म्हणाले तेवढा वेळ नाही. नवीन मशिनवर नळी बघितली, बंद होती, स्प्रिंग टाकली. माणूस वाचला. तासाभरात ते पाणी मागत होते.

हे सगळं चालू असताना ज्युनिअर डॉक्टर बाहेर धाऊंच्या बायकोला, कमळाबाईंना, प्रश्न विचारत होता. बीपी आहे का. कधीपासून.

"बारा वरसं तरी झाली," कमळाबाई म्हणाल्या. "रुपेशची धावी होती त्या सालापासून गोळी चालू हाय."

डॉक्टरसमोर खोटं बोलू नये असं त्यांना वाटत होतं, आणि नवरा आत टेबलावर असताना दुसरं काय वाटणार. ज्युनिअरने केसपेपरवर तसंच लिहिलं. मी तो कागद स्कॅन केला, कॅशलेसच्या अर्जात तीच माहिती स्वच्छ इंग्रजीत टाइप केली आणि अर्ध्या तासात कंपनीला पाठवली. माझं काम वेळेत होतं असा माझा लौकिक आहे.

मास्तर संध्याकाळच्या आधी आले. धाऊंना काचेतून बघितलं, कमळाबाईंना म्हणाले, "वहिनी, आता रडू नका, गाडी चालू झाली." मग माझ्याकडे आले आणि केसपेपर मागितला. नेहमीसारखा हात लांब करून वाचायला लागले. नाव, वय, गाव. बीपीच्या ओळीवर आले आणि थांबले. पुढचं मोठ्याने वाचलं नाही. कागद माझ्यापुढे ठेवला आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर ते याआधी कधी बसले नव्हते.

"हा कागद कंपनीला गेला का?" त्यांनी विचारलं.

"हो. दुपारीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा प्रश्न आला. पॉलिसी चार वर्षांची, आजार बारा वर्षांचा. फॉर्ममध्ये रक्तदाबासमोर नाही असं उत्तर आहे, खुलासा करावा. मी तो मास्तरांना मराठीत सांगितला. रुपेश शेजारी उभा होता. मास्तर त्याला म्हणाले, आईला चहा पाज, जा. तो गेल्यावर मला म्हणाले,

"मला म्हाईत होतं."

मी टाइप करायचं थांबवलं.

"धाऊला बीपी हाय हे डेपोत कळलं असतं तर त्याला गाडीवरनं उतरवून वर्कशॉपला टाकला असता. पगार कमी. मंग गोळ्या माझ्या बॅगेत. मुरबाडला चहाच्या टायमाला मी द्यायचो. रोज. आणि दसऱ्याला फॉर्म भरताना तोच माझ्यासमोर बसलेला."

"मग तेव्हा हो का नाही लिहिलं?"

"रेघ मारायची हाताला सवय होती," ते म्हणाले. "आणि वाटलं, हो लिवलं तर घेणारच नाय त्याला."

मी त्यांना पॉलिसीचा नियम दाखवला. दाखवायला नको होता असं नंतर मला वाटलं, पण त्यांनी तो कधी ना कधी वाचलाच असता. सांगितलेला जुना आजार तीन वर्षं थांबल्यावर त्या पॉलिसीत धरला जात होता. चार वर्षांपूर्वी हो लिहिलं असतं, तर ती तीन वर्षं कधीच संपली असती. आज कंपनीने पैसे दिले असते. लपवलेल्या आजाराला मात्र असा टप्पा नव्हता. मास्तरांनी नियम दोनदा वाचला, दोन्ही वेळा मनात.

ज्युनिअर डॉक्टर चांगला मुलगा आहे. त्याने हळूच येऊन सांगितलं की नवा केसपेपर लिहून देतो, बाराऐवजी दोन वर्षं. बायकोचा गोंधळ झाला म्हणू. असं होत नाही असं मी म्हणणार नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रुपेश परत आला होता, त्यानेही पाहिलं. मी म्हणाले, पहिला कागद कंपनीकडे आहे. दुसरा गेला तर दोन्ही समोरासमोर ठेवतील. हे खरंच होतं. पण तो कागद मी अर्ध्या तासाऐवजी संध्याकाळी पाठवला असता, तर काय झालं असतं, हे तिथे उभ्या असलेल्या चौघांच्याही मनात आलं असणार.

"टेम्पो विकायला लागंल," रुपेश म्हणाला. तो कोणाला उद्देशून बोलला नाही. त्या टेम्पोवर तो रोज पहाटे किन्हवलीहून भाजी भरून नेत असे, आणि चौघांचं घर त्यावर चालत होतं.

मास्तर म्हणाले, "बाय, लिव. मी सांगतो, तू इंग्रजीत कर."

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. फॉर्म मी भरला. अर्जदाराने मला आजार सांगितलेला होता. मी तो लिहिला नाही. चूक माझी, त्याची नाही.

"अर्जदाराला विचारायचं राहून गेलं, असं लिहू का?" मी विचारलं. तेवढं मी आपण होऊन केलं.

"राहून नाय गेलं. म्हाईत होतं."

"तुमची एजन्सी जाईल."

"जाऊ दे. पेन्शन हाय."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. मी ते पत्र दहा मिनिटं टेबलावर ठेवलं, मग पाठवलं.

तिसऱ्या दिवशी क्लेम नामंजूर झाला. फॉर्मवर अर्जदाराची सही आहे, म्हणून उत्तराला अर्जदार जबाबदार, एवढंच कारण. धाऊंना घरी सोडायचं होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःची फी सोडली. मशिनचा आणि स्प्रिंगचा खर्च त्यांना सोडता आला नाही. रुपेशने टेम्पो सरळगावच्या एका माणसाला दिला आणि त्याच माणसाकडे पगारावर तोच टेम्पो चालवायला लागला.

मास्तरांनी विमा लोकपालांकडे तक्रार करवली. अर्ज धाऊंच्या नावाचा, पण पायपीट मास्तरांची. तोवर कंपनीने त्यांची एजन्सी काढून घेतली होती. सुनावणी काही महिन्यांनी लागली, आणि ती व्हिडिओवर होती. किन्हवलीला त्या दिवशी नेटवर्क नव्हतं, म्हणून दोघे माझ्या टेबलावर आले. मी कॉम्प्युटर लावून दिला. धाऊंना पहिल्यांदाच नीट पाहिलं. मोठा बांधा, हात मांड्यांवर ठेवलेले, स्टिअरिंग नसल्यामुळे त्यांचं काय करावं कळत नसल्यासारखे. मी बाजूला, कॅमेऱ्यात न दिसेल अशी बसले. इंग्रजी समजावून सांगायला मी थांबले होते.

लोकपालबाई मराठी बोलत होत्या आणि बोलायला बऱ्या होत्या. कंपनीचा अधिकारी दुसऱ्या चौकोनात होता, इंग्रजी बोलणारा. मास्तरांनी पत्रातलंच पुन्हा सांगितलं. लोकपालबाई म्हणाल्या, एजंटला माहीत होतं म्हणजे ते कंपनीलाही कळायला हवं होतं, याचा विचार करावा लागेल. धाऊंनी मास्तरांकडे पाहिलं. मलाही तेव्हा वाटलं की होईल.

मग अधिकाऱ्याने विचारलं. एजंटने इतर प्रस्तावही अशाच पद्धतीने भरले आहेत का? असतील तर कंपनी ते सगळे तपासेल.

मास्तरांना प्रश्न समजला होता. तिकिटावरचं आणि फॉर्मवरचं इंग्रजी त्यांना चांगलं समजे. तरी ते माझ्याकडे वळले. मी प्रश्न मराठीत सांगितला, सावकाश, जमेल तितका लांबवून. मास्तरांची बॅग त्यांच्या पायाशी होती. तिच्यात शंभराच्या वर घरं होती. खरं बोलले तर त्या प्रत्येक घराची पॉलिसी उद्या उघडली जाणार. खोटं बोलले तर धाऊंसाठी आतापर्यंत खरं बोललेल्या माणसाची साक्ष तिथेच नासणार, निदान त्यांच्या स्वतःच्या नजरेत. धाऊंनाही हे कळत होतं. त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी घरांचे फॉर्म त्याच दसऱ्याला भरले होते. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"नाय," मास्तर म्हणाले. "ह्यो एकच."

ते मला इंग्रजीत सांगावं लागलं. मी सांगितलं. माझा आवाज बारीक आहे, म्हणून अधिकाऱ्याने पुन्हा सांगायला लावलं, आणि मी पुन्हा सांगितलं.

सुनावणी संपल्यावर धाऊ म्हणाले, "चल, गाडी लागली असंल." मास्तर उठले नाहीत. त्यांनी मला विचारलं, पॉलिसी चालू असताना आपण होऊन आजार कळवायचा असेल तर कागद कुठला लागतो. मी सांगितलं, त्याचा साधा अर्ज असतो. पण ते कळवल्यावर कंपनी हप्ता वाढवू शकते, तो आजार पुढची काही वर्षं धरणार नाही म्हणू शकते, पॉलिसी बंदही करू शकते.

"आणि नाय कळवलं तर?"

उत्तर शेजारी उभं होतं.

"झेरॉक्स काढ," ते म्हणाले. "शंभर काढ. मशिनमध्ये कागद हाय ना तेवढा?"

लोकपालांचा आदेश नंतर आला. कंपनीने तडजोड म्हणून काही रक्कम द्यावी, असा. ती बिलाच्या निम्म्याहून कमी होती आणि टेम्पो परत येण्याइतकी नव्हती. रुपेश ती घ्यायला सही करून गेला. तो माझ्याशी नीट बोलतो. मास्तर त्यानंतर हॉस्पिटलात आले नाहीत. त्यांची माणसं येत, पण त्यांच्याबरोबर मोठ्याने बिल वाचणारं कोणी नसे. बिलाची घडी पुन्हा खिशात जाऊ लागली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलच्या तपासणी शिबिरासाठी डोळखांबकडे गेले होते तेव्हा. थंडीचे दिवस होते, बरीच घरं बंद होती. परत निघताना आमची गाडी एका पाड्यावर थांबली, कारण पुढे कोणाच्या तरी म्हशी रस्त्यावर बसल्या होत्या. डावीकडच्या ओटीवर मास्तर बसले होते. चष्मा डोळ्यांवर होता. मांडीवर आजार कळवायचा अर्ज, समोर एक म्हातारी बाई पाय पसरून. एजन्सी जाऊन वर्ष होत आलं होतं, या कामाचं त्यांना काहीच मिळत नव्हतं. काही घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, असं मी ऐकलं होतं. हप्ता वाढलेल्या एकाने त्यांना किन्हवलीच्या स्टँडवर चारचौघांत बोलून घेतलं होतं.

मी खिडकीची काच थोडी खाली केली. हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते याही वेळी ठरलं नाही.

"दम लागतो काय, आये?" मास्तर विचारत होते. "चढण चढताना?"

"मला काय झालेलं नाय."

"बरं. साखर तपासलेली कधी?"

म्हातारी म्हणाली, "मास्तर, सांगितलं तर पैसं वाढवतील म्हणता. नाय सांगितलं तर देणार नाय म्हणता. मंग मी सांगू काय?"

"ते मला नाय सांगता येत," मास्तर म्हणाले. "तुमी बोला. मी लिवतो."

ते पेन धरून थांबले. घाई केली नाही. म्हातारीने आत दाराकडे पाहिलं, सून ऐकतेय का म्हणून, आणि मग लुगडं थोडं वर सरकवून त्यांना पायावरची सूज दाखवली. मास्तर लिहायला खाली वाकले. म्हशी उठल्या होत्या. ड्रायव्हरने गाडी काढली.